मोटरहोमने घरी परतताना यमगर्णीला पाणी आलं तर? (कोल्हापूर–निपाणी–बेळगाव–खानापूर पट्टा)

रानवाट
ट्रॅव्हलर, अर्बानिया, विंगर अशा गाड्यांवर बांधलेली मोटरहोम आता बेळगाव, निपाणी, खानापूर भागात बऱ्यापैकी दिसतात. गाडी मुंबई-पुण्याकडे किंवा कोकण-गोव्यात गेलेली असते आणि परतीची तारीख नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये येते. त्या दिवसांत घर ऐंशी किलोमीटरवर असूनही रस्ता मिळत नाही.

"गाडी किती फूट पाण्यातून जाते" यावर चर्चा भरपूर झाली आहे. मला वाटतं तो प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. आधी कळायला हवं की आपल्या वाटेवर पाणी कुठल्या नदीचं येतं, ते किती दिवस टिकतं, थांबायचं कुठे, आणि थांबल्यावर गाडीतलं घर कसं सांभाळायचं. मोटरहोमवाल्याकडे कारवाल्यापेक्षा एक गोष्ट जास्त असते, ती म्हणजे थांबता येणं. तिचा उपयोग करून घेण्यासाठी हा धागा.

विनंती एकच: आठवणी आणि किस्से दुसऱ्या धाग्यावर लिहा. इथे जागा, मापं, कारणं आणि उपाय येऊ द्या. अलमट्टी धरणाच्या उंचीचा वादही इथे नको.

---

निपाणीकर
धागा वेळेवर काढलात. महामार्गापासून सुरुवात करतो.

कोल्हापूरकडून बेळगावला येताना पुणे-बंगळूर महामार्गावर पाण्याच्या तीन जागा लक्षात ठेवा. पहिली शिरोली, तिथे पंचगंगा. दुसरी कागल सोडल्यावर दूधगंगेचा पूल. तो ओलांडला की कोगनोळी टोल नाका. तिसरी सौंदलगा ओलांडल्यावर निपाणीच्या अलीकडे यमगर्णी, तिथे वेदगंगा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये हा महामार्ग शिरोलीला आणि यमगर्णीला दोन्हीकडे बंद पडला होता. म्हणजे शिरोली पार केली म्हणून सुटलो असं होत नाही. शिरोली आणि यमगर्णीच्या मध्ये अडकणं सगळ्यात वाईट, कारण मागे-पुढे दोन्हीकडे पाणी आणि मधल्या गावांतले आडरस्तेही त्याच नद्यांना आडवे जातात.

प्रत्येक जागेसाठी बातमी वेगळी बघायची. शिरोलीसाठी राजाराम बंधाऱ्याची पातळी: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं, ते भोगावतीतून पंचगंगेलाच येतं. त्यामुळे "राधानगरीचे दरवाजे उघडले" ही बातमी शिरोलीसाठी महत्त्वाची आहे, यमगर्णीसाठी नाही. दूधगंगेसाठी काळम्मावाडीचा विसर्ग बघा. यमगर्णीसाठी पाटगाव धरण आणि भुदरगड तालुक्यातला पाऊस.

आता महत्त्वाचं, फूग. वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा येडूरजवळ कृष्णेला. कृष्णा तुडुंब असली की दूधगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. मग निपाणीत ऊन पडलेलं असतं, पाऊस थांबून दिवस झालेला असतो, तरी यमगर्णीचं पाणी हलत नाही. "पाऊस थांबला, संध्याकाळपर्यंत रस्ता सुटेल" हा अंदाज इथे चुकतो तो यामुळे. कृष्णा उतरायला लागली का ते बघा. सांगलीत आयर्विन पुलाची पातळी (४० फूट इशारा, ४५ फूट धोका) सलग उतरतेय असं दिसलं की मग आशा धरा.

---

चिकोडी_रोड
निपाणीकर, +१. तुमच्या पोस्टला एक जोड देतो, ती जीवावरची आहे.

महामार्ग बंद झाला की मोबाईलचा नकाशा लगेच आडवाट दाखवतो. ती वाट बहुतेक वेळा बंधाऱ्यावरून जाते. अक्कोळ-सिदनाळ, जत्राट-भिवशी, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर हे वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णेवरचे बंधारे-पूल दर पावसाळ्यात सगळ्यात आधी पाण्याखाली जातात, महामार्गाच्या कितीतरी आधी. नकाशाला हे कळत नाही. त्याला फक्त एवढंच दिसतं की त्या रस्त्यावर गाड्यांची गर्दी नाही. गर्दी का नाही, तर पूल बुडालाय म्हणून!

शिवाय बंधाऱ्यावरचा रस्ता अरुंद असतो, कठडा नसतो किंवा काढलेला असतो. सहा-साडेसहा मीटरची गाडी मध्यावर गेल्यावर वळवता येत नाही, आणि रिव्हर्स घ्यायचा तर मागच्या चाकाखाली काठ कुठे संपतो ते दिसत नाही. या भागात पावसाळ्यात मोबाईलच्या आडवाटेने मोटरहोम नेऊच नका. गावात थांबून विचारा.

पुण्या-मुंबईच्या सोबत्यांना कन्नड येत नसेल तर एवढे शब्द पुरेत. फलकावर "रस्ते बंद" किंवा "संचार निषेध" म्हणजे वाहतूक बंद. "सेतुवे मुळुगडे" म्हणजे पूल बुडाला आहे. विचारायचं असेल तर "नीरु एष्टु इदे?" (पाणी किती आहे?). "होगबेडी" असं उत्तर आलं तर जाऊ नका. सीमाभागात मराठीत विचारलं तरी उत्तर मराठीत मिळतं, पण बंदोबस्तावरचा पोलीस लांबच्या जिल्ह्यातला असू शकतो.

---

हिरण्यकेशी
संकेश्वर-गोकाक बाजू मी लिहिते.

संकेश्वरला हिरण्यकेशी. तिचं पाणी आंबोली-आजऱ्याकडून येतं. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे संकेश्वरात रिमझिम असली तरी नदी चढू शकते. आंबोलीकडून आजरा-गडहिंग्लजमार्गे संकेश्वरला येणार असाल तर हे लक्षात घ्या, कारण तुम्ही आणि पाणी एकाच दिशेने प्रवास करत असता. घाटमाथ्यावर रात्रभर धो धो पडलेला असेल तर सकाळी निघायची घाई नको. गडहिंग्लजमध्ये नदीची स्थिती विचारून मगच पुढे.

गोकाकचं गणित वेगळं आहे. तिथे तीन पाणी एकत्र येतात: घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचा विसर्ग, धरणाच्या खाली येऊन मिळणारी हिरण्यकेशी, आणि बेळगाव बाजूने येणारी मार्कंडेय. हिडकल (५१ टीएमसी) पूर अडवू शकतं ते फक्त घटप्रभेचा. हिरण्यकेशी त्याच्या खाली मिळत असल्याने ती मोकळीच असते. म्हणून "धरण अजून भरलं नाही, गोकाकला काळजी नाही" हे बरोबर नाही. लोळसूर पुलावर पाणी आलं की गोकाकमधून पलीकडे जाता येत नाही. धबधबा बघून मग घरी जाऊ असा बेत असेल तर तो बेत पूर उतरल्यावर करा.

---

मुसाफिर_३५
सगळ्यांना नमस्कार. एक शंका. मोटरहोम कारपेक्षा चांगली उंच असते, वजन साडेतीन-चार टन. दोन फूट संथ पाण्यातून जायला काय हरकत आहे? ट्रक जातात की.

---

डिझेल_फिटर
मुसाफिरदादा, ट्रकशी तुलना नको. भरलेला ट्रक पंधरा-वीस टनांचा, त्याचा हौदा चाकांच्या वर, खालून पाणी मोकळं जातं. मोटरहोम म्हणजे बंद पेटी. हिशोब करून बघा.

गाडीची पेटी पाच मीटर लांब, एक पूर्णांक आठ मीटर रुंद धरली तर तळाचं क्षेत्रफळ नऊ चौरस मीटर. पाणी तळाला लागल्यावर पुढचे प्रत्येक १० सेंटिमीटर पाणी गाडीला ९०० किलोने उचलतं. तळाच्या वर २० सेंटिमीटर पाणी म्हणजे १८०० किलो गेले. साडेतीन टनांच्या गाडीचे चाकांवर सतराशे उरले. आणि मोटरहोमची फरशी आपण सीलंट लावून, इन्सुलेशन घालून चांगली बंद केलेली असते, त्यामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो आणि गाडी जास्त वेळ तरंगते.

आता आडवा प्रवाह. सेकंदाला दोन मीटर, म्हणजे माणूस हळू धावतो तेवढा. पाण्यात पाच मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर उंच बाजू सापडली तर साधारण तीनशे किलोचा रेटा. प्रवाह सेकंदाला तीन मीटर झाला तर रेटा पावणेसातशे, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. गाळ साचलेल्या डांबरावर सतराशे किलोची पकड मिळते पाचशे किलोच्या आसपास. पाचशेने धरलंय आणि पावणेसातशेने ढकललंय, तर गाडी रस्त्यावर राहत नाही. काठावर उभं राहून दोन मीटर आणि तीन मीटरमधला फरक डोळ्यांना कळत नाही.

माझा नियम: वाहतं पाणी असेल तर रस्त्यावरचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसतोय तोवरच. थांबलेलं पाणी असेल आणि खालचा रस्ता माहितीचा असेल तर चाकाच्या हबच्या (चाकाचा मधला भाग) खालीपर्यंत. त्याच्या वर नाही.

घरी असतानाच एक काम करून ठेवा. पाच फुटांची काठी घ्या, गाडी सपाट जागेवर भरलेल्या टाक्यांसकट उभी करा आणि काठीवर खुणा करा: हबचा मध्य, सायलेन्सरचं तोंड, पेटीचा तळ, अल्टरनेटर, एअर फिल्टरच्या पाइपचं तोंड. रंगीत टेप लावा. एअर फिल्टरचा डबा वर दिसतो म्हणून समाधान मानू नका. त्याचा हवा ओढणारा पाइप बऱ्याच गाड्यांत हेडलाइटच्या मागे किंवा चाकाच्या कमानीत खाली तोंड काढतो. हात घालून शोधा. गाडी पाण्यात शिरली की पुढे लाट उठते, म्हणून खुणेच्या खाली किमान सहा इंच सोडा.

तरीही छोटा पट्टा ओलांडायचाच असेल तर: एसी बंद (त्याचा पंखा पाणी इंजिनावर उडवतो), पहिला गिअर, एक्सलरेटर सारखा, मध्ये क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही, चालण्याच्या वेगाने. समोरचं वाहन पूर्ण बाहेर पडल्याशिवाय आत जायचं नाही. ते मध्ये बंद पडलं तर तुम्हीही अडकता.

---

डिझेल_फिटर
राहिलं ते लिहितो. गाडी पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही. इंजिनात पाणी गेलं असेल तर ते दबत नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन नुसतं भिजलं असेल तर काम थोडक्यात भागतं, रॉड वाकला की इंजिन खोलावं लागतं. चावी काढा, स्टार्टर बॅटरीची निगेटिव्ह सोडा, माणसं बाहेर काढा.

वर्कशॉपला गेल्यावर क्रम असा: एअर फिल्टरचा डबा उघडायचा. फिल्टर कोरडा असेल तर बहुतेक वाचलात. ओला असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं म्हणजे पाणी बाहेर पडतं. ऑइलची डिपस्टिक बघायची. दुधाळ चहाच्या रंगाचं ऑइल म्हणजे पाणी मिसळलंय, इंजिन चालू न करता बदलायचं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलला श्वासाची नळी असते. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी ओढलं जातं. गाडी बंद पडली नसली तरी हबच्या वर पाण्यातून गेलेल्या गाडीचं हे ऑइल बघायलाच हवं. लोक इथेच चुकतात, कारण गाडी त्या दिवशी छान चालते आणि महिन्या-दोन महिन्यांनी बेअरिंग आवाज करतं.

उचलून नेताना फ्लॅटबेडच मागवा. मागच्या चाकांना ताकद असलेली गाडी पुढून उचलून मागची चाकं फिरवत नेली तर गिअरबॉक्स खराब होऊ शकतो. नाइलाज असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडवून न्यायचा.

---

मलप्रभा
गोव्याकडून खानापूर-बेळगावला येणाऱ्यांसाठी. आमच्याकडं पाणी निपाणीसारखं नाही बघा. तिथे पाणी चार दिवस चढतं आणि चार दिवस उतरतं. इथे कणकुंबी-जांबोटीकडे ओढा दोन तासांत फुगतो आणि पाऊस उघडला तर अर्ध्या दिवसात उतरतो. मलप्रभा कणकुंबीतच उगम पावते, तिच्यावरचे फरशी पूल असेच बुडतात आणि मोकळे होतात. म्हणजे या बाजूला थांबायचं ते काही तास, दिवस नव्हे.

चोर्ला: मोटरहोमला चालतो, पण धुकं, झाडं पडणं आणि दरड हे तिन्ही एकाच दिवशी असतात. छतावर एसी किंवा सोलर असेल तर गाडीची खरी उंची मोजून डॅशबोर्डवर लिहून ठेवा. पावसाने जड झालेल्या फांद्या खाली आलेल्या असतात. अंधार पडल्यावर हा घाट नको. जांबोटी ओलांडल्यावर कुसमळीचा मलप्रभेवरचा पूल लागतो, त्याची स्थिती कणकुंबीतच विचारून घ्या.

अनमोड: गोव्यातून मोलेम, अनमोड, रामनगर करत खानापूर. रुंद आहे, पण अवजड वाहनं जास्त, आणि एक कलंडलं की दोन्ही बाजू बंद. रस्ता अभयारण्यातून जातो, रात्री रस्त्याकडेला मुक्काम टाकू नका.

आंबोली: चढ आणि वळणं बरी, गर्दी धबधब्यापाशी. शनिवार-रविवारी नको.

तिलारी: मोटरहोमला नकोच. तीव्र उतार, आखूड वळणं, लांब गाडीचं मागचं पोट घासतं.

घाट उतरताना दुसरा गिअर, ब्रेक सारखा दाबून धरायचा नाही. पाण्याची टाकी अर्धवट भरलेली असेल तर आतलं पाणी मागे झुलत असतं, वळणावर ते जाणवतं. टाकी एक तर पूर्ण भरलेली किंवा जवळजवळ रिकामी ठेवा, अर्धी नको.

---

वायरमन_खानापूर
गाडीच्या आतल्या घराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

पाणी खालून येतं. लोक दारं-खिडक्यांना टेप लावतात आणि मोरीकडे बघत नाहीत. आंघोळीची मोरी सांडपाण्याच्या टाकीला जोडलेली असते आणि त्या टाकीचा व्हॉल्व्ह गाडीखाली. पुष्कळ जण वास नको म्हणून तो व्हॉल्व्ह उघडाच ठेवून फिरतात. पाणी व्हॉल्व्हच्या वर आलं की उलटं टाकीत चढतं, टाकी भरते आणि मोरीच्या जाळीतून बुडबुडे येत काळं पाणी आत येतं. दार कोरडं असतं आणि पाय ओले. उपाय: पावसाळी भागात शिरायच्या आधी टाकी योग्य जागी रिकामी करा, व्हॉल्व्ह घट्ट बंद करा, मोरीच्या तोंडावर रबरी बूच आणि त्यावर वजन.

गॅसच्या कप्प्याला तळात भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं आहे, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खालून निघून जायला हवा. ते भोक कायमचं बुजवू नका. पाण्याची भीती असेल तर रेग्युलेटर बंद करा, सिलिंडर पट्ट्याने बांधा (अर्धा रिकामा सिलिंडर तरंगतो आणि पाइप ओढतो). पाणी येऊन गेलं असेल तर रबरी नळी बदला, सांध्यांना साबणाचं पाणी लावून तपासा, मगच पेटवा.

बॅटरी आणि इन्व्हर्टर बऱ्याच बांधणीत सीटखाली जमिनीलगत असतात. नवीन बांधत असाल तर फरशीपासून एक फूट वर मांडणी मागा. जुनी असेल तर पाणी यायच्या आधी क्रम असा: इन्व्हर्टर बंद, सोलर पॅनेलचा आयसोलेटर बंद, मग बॅटरीचा मुख्य स्विच. सोलर आधी का? उजेड असेपर्यंत पॅनेल वीज देतच राहतं, आणि चार्ज कंट्रोलरला बॅटरी सुटलेली आणि पॅनेल जोडलेलं अशी अवस्था सोसत नाही. लिथियम बॅटरी पाण्यात बुडाली असेल तर चार्ज करू नका, चालू वाटली तरी. बाहेर काढून, माणसांपासून आणि गाडीपासून लांब ठेवून माहितगाराला दाखवा.

बाहेरून वीज घेत असाल तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) हवीच. पूर आलेल्या गावात हेस्कॉमची (इथली वीज कंपनी) वीज जाते-येते. वीज परत येते तेव्हाचा झटका इन्व्हर्टरला बसतो. गावात वीज स्थिर होईपर्यंत प्लग काढून ठेवा. आणि साचलेल्या पाण्यातून चालत खांब किंवा ट्रान्सफॉर्मरजवळ जाऊ नका.

---

रानवाट
वायरमन, मोरीचा मुद्दा सोन्यासारखा आहे. आता थांबण्याचं गणित कुणी मांडेल का? चार माणसं, १०० लिटर पाणी, २०० अँपिअर-तास लिथियम, ४०० वॅट सोलर. किती दिवस निघतील?

---

वायरमन_खानापूर
वीज: २०० अँपिअर-तास गुणिले १२.८ व्होल्ट म्हणजे २५६० वॅट-तास. ८० टक्के वापरा, म्हणजे सुमारे २०५०. रोजचा खर्च: छोटा कॉम्प्रेसर फ्रीज ५००, दिवे-पंखे २००, मोबाईल आणि पंप १००, एकूण ८००. दाट ढगांत ४०० वॅटचं पॅनेल दिवसाला २०० ते ४०० वॅट-तासच देतं. उन्हाळ्यातला आकडा डोक्यातून काढून टाका. रोजची तूट पाचशेच्या आसपास, म्हणजे चार दिवस. इंडक्शन दिवसाला तासभर लावलं तर दीड हजार एका झटक्यात जातात आणि दुसऱ्या दिवशी अंधार. थांबायची वेळ आली की स्वयंपाक गॅसवर.

इंजिन चालू ठेवून बॅटरी भरू असं वाटतं. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर तासाला जेमतेम ४०० वॅट-तास देतो आणि त्यासाठी पाऊण ते एक लिटर डिझेल जळतं. शिवाय बीएस-६ गाडी तासन्‌तास नुसती चालू ठेवली की डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने भरतो. नाइलाज असेल तरच, दिवसाला अर्धा-पाऊण तास, सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे हे बघून. जनरेटर असेल तर ताडपत्रीखाली किंवा खिडकीजवळ कधीच लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाणी: पिणं, स्वयंपाक, हात-तोंड मिळून माणशी आठ लिटर धरले तर दिवसाला ३२, म्हणजे तीन दिवस. भांडी पावसाच्या पाण्याने विसळली तर चौथा दिवस निघतो. म्हणजे वीज आणि पाणी दोन्ही साधारण सारख्याच वेळी संपतात. तुमच्या गाडीची मुदत तीन-चार दिवस, हे धरून चाला.

---

मुसाफिर_३५
डिझेल_फिटर, हिशोब पटला. आता थांबायचं कुठे तेही सांगा.

---

निपाणीकर
बेळगावकडून कोल्हापूर-पुण्याला जाणारे: तवंदी घाट उतरू नका. घाटमाथा उंच आहे, पाण्याची भीती नाही, आणि खाली निपाणीची बातमी मिळेपर्यंत मागे संकेश्वरला फिरता येतं. स्तवनिधीच्या आसपास ढाबे आणि पंप आहेत. मालकाला विचारून, दोन वेळचं जेवण तिथेच घेऊन उभं राहिलं की कुणी नाही म्हणत नाही.

पुण्याकडून येणारे: निर्णय किणी टोल नाक्याच्या अलीकडे घ्या. त्यापुढे आलात तर शिरोलीच्या रांगेत ट्रकांच्या मध्ये अडकता, आणि तिथून मोटरहोम वळवणं अशक्य. महामार्गाची मदत १०३३, आणीबाणी ११२, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७. विचारताना "रस्ता चालू आहे का" असं विचारू नका. "यमगर्णीला दोन्ही लेन चालू आहेत का, लहान गाड्या सोडताहेत का" असं नेमकं विचारा. कधीकधी फक्त अवजड वाहनं सोडतात, आणि मोटरहोम कशात मोडते हे तिथला पोलीस ठरवतो.

उभं राहताना: डांबर किंवा मुरुम. निपाणी-चिकोडीची काळी माती सकाळी टणक दिसते आणि रात्रीच्या पावसाने लोण्यासारखी होते. चार टनांची गाडी स्वतःच्या वजनाने रुतते. नीलगिरीखाली, विजेच्या तारांखाली, कापलेल्या डोंगरकडेला नको. पुलाच्या जोडरस्त्याचा भराव उंच दिसतो पण तो खचतो. सहापदरीकरणाचं काम चालू असेल तिथे सर्व्हिस रोड सखल असतो, तिथेही नको. तोंड बाहेर निघायच्या दिशेला.

---

चिकोडी_रोड
लांबच्या वळशाबद्दल. मुरगूड-मुधाळ तिट्टा बाजूने जाता येईल का असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. तो रस्ता वेदगंगेच्याच खोऱ्यातला, यमगर्णीला पाणी असताना तिथेही असतं. चिकोडी-अंकली-मिरजचं तेच, तिथे कृष्णा.

खरा वळसा पूर्वेकडून: बेळगाव, यरगट्टी, लोकापूर, विजापूर, सोलापूर, पुणे. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास पडतो, नेहमीच्या साडेतीनशेऐवजी. मोटरहोमला दीड दिवस. घटप्रभा आणि कृष्णा त्याही वाटेवर ओलांडाव्या लागतात, फक्त खाली आणि मोठ्या पुलांवरून. पण पाणी तिकडे उशिरा पोचतं! निपाणीला पूर येऊन दोन-तीन दिवस झाल्यावर हा वळसा घेतलात तर मुधोळ बाजूला तेच पाणी पुन्हा भेटतं. वळसा घ्यायचा तर पहिल्या दिवशी, नाहीतर थांबा.

---

हिरण्यकेशी
पाण्याच्या टाकीबद्दल. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, किंवा गावातल्या नळाचं गढूळ पाणी भरलं असेल, तर टाकी निर्जंतुक केल्याशिवाय वापरू नका. १०० लिटरच्या टाकीला ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर. टाकी काठोकाठ भरा, प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडा म्हणजे पाइपातही जातं, चार तास ठेवा, सगळं सोडून द्या, स्वच्छ पाण्याने दोनदा विसळा. हे प्रमाण टाकी धुण्याचं आहे, पिण्याचं नाही. पिण्याचं पाणी खळखळ उकळून. पायाला जखम असेल तर पुराच्या पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पुढच्या महिन्याभरात ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात गेलो होतो हे सांगा.

---

डिझेल_फिटर
विम्याचं थोडक्यात. साध्या सर्वंकष पॉलिसीत पाण्यात स्टार्टर मारून गेलेलं इंजिन सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते. दुसरं, आतलं घर (बॅटरी, फ्रीज, इन्व्हर्टर, फर्निचर) पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून किमतीसह लिहिलेलं नसेल तर भरपाई फक्त गाडीची मिळते. आरसीवर मोटर कॅराव्हॅन म्हणून नोंद आहे का तेही बघा. पाणी उतरल्यावर गाडी हलवायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो मोजायची टेप लावून काढा.

---

मुसाफिर_३५
शेवटचा प्रश्न. चार दिवस उभी राहिल्यावर निघताना काही विशेष?

---

डिझेल_फिटर
उभी करतानाच हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओल्या ड्रमला लायनर चिकटतात आणि चार दिवसांनी मागची चाकं फिरत नाहीत. पहिला गिअर टाका, चाकांना पुढे-मागे दगड किंवा लाकडी ठोकळे. चिकटलीच असतील तर जोर करून ओढू नका, लायनर सुटून ड्रममध्ये अडकतं. ड्रमवर लाकडाच्या आधाराने हलके ठोके द्या, मग पुढे-मागे करा.

निघाल्यावर पहिले पाचशे मीटर कमी वेगात, पाय ब्रेकवर हलका ठेवून. ड्रम गरम होऊन पाणी उडून जातं. एकदा मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावून गाडी सरळ थांबते का बघा. एका बाजूला ओढत असेल तर तवंदी किंवा वंटमुरी घाट त्या दिवशी उतरू नका. घरी पोचल्यावर फरशीचा एक तरी पॅनेल उघडा आणि प्लायवूडला हात लावा. वरून कोरडी दिसणारी फरशी खालून ओली असते आणि गणपती येईपर्यंत तिला बुरशी धरते.

---

रानवाट
काठीच्या खुणा, बंधाऱ्यांची नावं आणि मोरीचा व्हॉल्व्ह हे तीन मुद्दे धाग्याच्या डोक्यावर लावतोय. मार्कंडेयच्या काठची गावं (उचगाव, कंग्राळी बाजू) आणि बेळगावातला बळ्ळारी नाला राहिला आहे, माहितगारांनी भर घालावी.